जुनी होडी घेताना

(उजनी जलाशयाच्या काठावरील शेतकऱ्यांच्या मेळाव्यात करमाळा तालुक्यातील एका शेतकरी-मच्छीमाराने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज जुन्या होडीवर चार शब्द बोलायला सांगितले आहे. शेतीच्या मेळाव्यात होडीचे काय काम, असे लांबून आलेल्यांना वाटेल. पण आपल्या काठावरच्या गावांत होडी हे शेतीचेच अवजार झाले आहे. तिच्यातून आपण जाळे टाकतो. पाणी मागे सरकले की तिच्यावरच विजेची मोटार आणि पाइप पुढे नेतो. पलीकडच्या तुकड्यावरची वैरण तिच्यातूनच येते. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा बैल, नांगर, इंजिन यांवर आपण जसे बोलतो, तसे होडीवर बोलायलाही हरकत नसावी.

आमच्यापैकी बहुतेकांची पहिली होडी जुनीच असते. माझीही जुनीच होती. त्या होडीने मला पोटाला दिले, आणि एकदा मला व माझ्या मुलाला जवळजवळ बुडवलेही. दोन्ही गोष्टी सांगतो, म्हणजे काय घ्यावे आणि काय टाळावे ते आपल्या ध्यानात येईल.

पाणी आले आणि होडी आली

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. करमाळा, इंदापूर या तालुक्यांतील अनेक गावांची काळी जमीन पाण्याखाली गेली. आमची विहीर, चिंच आणि सात एकर मळा त्यातच गेला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. नदीकाठी राहूनही आमच्या घरात कुणाला होडी चालवता येत नव्हती. नदी ओलांडायची तर भोई बांधवांची सांगड असे, म्हणजे वाळलेले भोपळे बांधून केलेला तराफा. पूर आला तर गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडत. लाकडी होड्या पाहायच्या तर पंढरपूरला चंद्रभागेवर.

उजनीची एक गोष्ट इतर धरणांपेक्षा वेगळी आहे. तिच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत आहे. म्हणजे कागदावर धरण शून्य टक्के झाले तरी अर्ध्याहून अधिक पाणी शिल्लक असते. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेली, तरीही खोलगट भागात होड्या चालूच होत्या. पीक गेले तरी पाण्यात काहीतरी मिळते, हा आधार काठावरच्या माणसाला मोठा वाटतो. कटला, रोहू, मरळ, वाम मिळाले तर उत्तमच, नाहीतर चिलापी आहेच. हा मासा आपल्या देशात १९५२ साली बाहेरून आणला गेला. आज काठावरच्या अनेक घरांची रोजची मीठ-मिरची त्याच्यावर चालते.

म्हणून होडी हवी असते. आणि नवी परवडत नाही, म्हणून जुनी.

जुन्या होडीची ओढ

जुनी होडी का घ्यावीशी वाटते? पहिले कारण पैसा. नवीला कर्ज काढावे लागते, जुनी एखाद्या उसाच्या हप्त्यात येते. दुसरे कारण, ती पाण्यात फिरलेली असते. डुलते किती, वळते कशी, कुठे दबते, हे विचारून कळते. तिसरे कारण, पत्र्याची होडी गावातला वेल्डिंगवाला दुरुस्त करतो, लाकडाची सुतार करतो. आणि चौथे कारण आपण उघड बोलत नाही. जुन्या होडीला मालकाचा हात लागलेला असतो. वल्ह्याची मूठ झिजून गुळगुळीत झालेली असते. बसायची फळी बरोबर उंचीवर असते. ती पाहिली की माणसाचा जीव गुंततो. गोठ्यात नवीन बैल पाहावा तसे होते.

पण बैल घेताना आपण नुसती शिंगे बघत नाही. दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. होडी घेताना मात्र रंग बघून पैसे देतो. मी तेच केले.

२०११ साली मी पत्र्याची एक जुनी होडी घेतली. सोळा फूट लांब, चार फूट रुंद. निळा रंग इतका ताजा होता की हाताला लागत होता. भोई आळीतले तात्या माझ्याबरोबर होते. ते म्हणाले, "पोरा, रंग बघू नगंस. पालथी कर तिला." मी म्हणालो, "तात्या, कशाला एवढा खटाटोप? चांगली तर दिसते." तात्या गप्प बसले. मी चौदा हजार रुपये मोजले. पहिल्या दोन महिन्यांत तळाला तीन ठिकाणी ठिगळे लावावी लागली. पहिल्या वर्षअखेर हिशेब मांडला तेव्हा दुरुस्ती, रंग आणि बुडालेले दिवस धरून आणखी अकरा हजार गेले होते. जुनी होडी स्वस्त असते हे खरे नाही. तिची थोडी किंमत आपण घेताना देतो आणि बाकीची दर वर्षी तिच्या तळाला देतो. हे आधीच माहीत असेल तर व्यवहार चुकत नाही.

होडी पालथी करा

आता तपासणी कशी करावी ते सांगतो. पहिला नियम: ताजा रंग दिलेली होडी त्याच दिवशी घेऊ नये. रंग खरवडून पाहू देत नसेल तर सौदा सोडून द्यावा.

पत्र्याची होडी: ही बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजते. ओली जाळी जिथे ठेवतात ती जागा, बसायच्या फळीखालचा कोपरा आणि अँगलचा सांधा या तीन जागा आधी पाहाव्यात. लहान हातोडीने तळावर वीतभर अंतराने ठोके द्यावेत. चांगला पत्रा खणकन वाजतो, गंजलेला बद्द वाजतो आणि पापुद्रे सोडतो. ठिगळावर ठिगळ असेल तर समजावे की भोवतीचा पत्रा वेल्डिंग धरण्याइतकाही जाड राहिलेला नाही. दोन मिलिमीटर पत्र्याचे वजन चौरस फुटाला सुमारे दीड किलो भरते. सोळा फुटी होडीला शंभर चौरस फूट पत्रा लागला, तर नुसता पत्राच दीडशे किलो, आणि अँगल धरून होडी दोनशेच्या आसपास जायला हवी. चार माणसांनी सहज उचलून ट्रॉलीत टाकली तर आनंद मानू नका. पत्रा मुळातच पातळ असेल किंवा गंजाने खाल्ला असेल.

लाकडी होडी: हिच्यासाठी खिशात दाभण न्यावे. गोड्या पाण्यात लाकूड कुजते ते बहुतेक आतून, जिथे पावसाचे पाणी साचून राहते तिथे. मागच्या बाजूचा तळ, आडव्या वाशांच्या बुडाची जागा आणि फळ्यांची टोके दाभणाने टोचून पाहावीत. निरोगी सागात दाभण शिरत नाही. कुजलेल्या लाकडात लोण्यात जावे तसे जाते. समुद्रावरून आणलेली लाकडी होडी घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा. खाऱ्या पाण्यात लाकडाला किडा पोखरतो, पण मिठामुळे कूज रोखली जाते. गोड्या पाण्यात तो किडा जगत नाही, पण कूज वेगाने वाढते. म्हणून कोकणात दहा वर्षे टिकलेली होडी इथेही तशीच टिकेल असे धरू नये. उन्हात वाळलेल्या लाकडी होडीच्या फटींतून पाणी येताना दिसले तर मात्र लगेच घाबरू नये. काठाजवळ उथळ पाण्यात एक-दोन दिवस भिजू दिली की फळ्या फुगतात आणि सांधे बसतात. त्यानंतरही पाणी येत राहिले तर सांध्यातला कापूस-सुतळीचा भराव गेलेला आहे असे समजावे.

फायबरची होडी: हिच्यावर नाण्याने टकटक करावी. आवाज एकदम बसका झाला तिथे आतले थर सुटलेले असतात. अंगठ्याने दाबून तळ लवतो का तेही पाहावे. केसासारख्या बारीक रेघा वरच्या रंगाच्या असतील तर चालतात. पण रेघेतून पाणी पाझरत असेल तर तो भाग पूर्ण वाळवून, घासून, मॅट व रेझिनने भरावा लागतो. ओल्यावर लावलेले रेझिन धरत नाही.

तपासून झाल्यावर होडी पाण्यात सोडावी, दोन माणसे बसवावीत आणि तासभर तशीच ठेवावी. नंतर तळातले पाणी मोजावे. पाच मिनिटांच्या फेरीत कुठलीही होडी कोरडी राहते.

होडीचा हिशेब

आमच्या सोळा फुटी सपाट तळाच्या होडीचे पाण्यावर टेकणारे क्षेत्र सुमारे पन्नास चौरस फूट. अशी होडी एक इंच खाली जायला साधारण ११८ किलो वजन लागते, म्हणजे दोन माणसे. सहा माणसे बसली की तीन इंच गेली. त्यावर जाळी, मासळीची क्रेट, इंजिन. आणि तळात एक इंच पाणी साठले म्हणजे आणखी दोन माणसे फुकट बसली. ही माणसे स्वस्थ बसत नाहीत. होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ती धावतात आणि होडी उलटवतात. म्हणून गळकी होडी नुसती त्रासाची नाही, धोक्याची आहे. भरलेल्या होडीचा काठ पाण्याच्या वर निदान दीड वीत राहिला पाहिजे. तेवढा राहत नसेल तर एक फेरी जास्त मारावी.

दुसरा हिशेब तरंगण्याचा. लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा बुडत नाही, धरून राहता येते. पत्र्याची होडी भरली की दगडासारखी तळाला जाते. लोखंडाचे वजन पाण्यात फक्त आठव्या हिश्शाने कमी होते. दोनशे किलोची होडी पाण्यात पावणेदोनशे किलोची राहते. वीस लिटरचा घट्ट झाकणाचा रिकामा कॅन साधारण एकोणीस किलो उचलून धरतो. म्हणजे नुसती होडी तरंगत ठेवायला नऊ-दहा कॅन लागतात आणि धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणखी तीन. हे बारा-तेरा कॅन तळाला बांधू नयेत, नाहीतर भरलेली होडी पालथी होते. दोन्ही बाजूंना, फळ्यांखाली, काठाजवळ नायलॉन दोरीने करकचून बांधावेत. खर्च फारसा नाही. पुढे काय झाले ते ऐकलेत म्हणजे याची किंमत कळेल.

आमची विहीर

२०१३ सालचा दुष्काळी उन्हाळा आपल्या सर्वांना आठवत असेल. पाणी खूप खाली गेले होते. पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले होते आणि लोक ते पाहायला जात होते. आमचे जुने गाव मात्र अजून पाण्याखालीच होते, पण थोडक्या पाण्याखाली. पाणी भरलेले असते तेव्हा घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि बाभळींची खोडे खोल असतात. ती आपल्याला लागत नाहीत. उन्हाळ्यात तीच वीतभर पाण्याखाली येतात आणि वरून दिसत नाहीत. उन्हाळ्याचे पाणी पावसाळ्याच्या पाण्यापेक्षा धोक्याचे, ते याच कारणाने.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. मी आणि माझा सतरा वर्षांचा मुलगा जाळे टाकून परत येत होतो. पश्चिमेला ढग आला होता. वारा सुटला म्हणून मी जवळची वाट धरली, जुन्या मळ्यावरून. तिथे आमची विहीर होती हे मला माहीत होते. पण ती कुठे, हे तेहेतीस वर्षांनी पाण्यावरून कसे कळावे? होडीचा तळ कठड्याला घासला. चांगला पत्रा असता तर खरचटून गेला असता. आमचा पत्रा गंजून कागद झाला होता, तो हातभर फाटला. घमेल्याने पाणी काढता काढता ते गुडघ्याला आले, मग कमरेला.

आदल्या वर्षी तात्यांनी माझ्या मागे लागून बारा कॅन बांधून घेतले होते. मी मनातून त्यांना हसलो होतो. त्या दिवशी होडी पाण्याने काठोकाठ भरली, पण खाली गेली नाही. आम्ही दोघे दोन बाजूंना धरून राहिलो. मुलाला पोहता येत होते, मला जेमतेम. तो म्हणत होता, "आबा, मी पोहत जातो आणि कुणाला तरी बोलावतो." मी म्हणालो, "होडी सोडायची नाही." तासाभराने पलीकडच्या गावची होडी आली आणि तिने आम्हाला काढले. घरी गेलो तेव्हा मुलाची आई काही बोलली नाही. आठ दिवस बोलली नाही.

म्हणून मी म्हणतो, होडी उलटली किंवा भरली तरी तिला सोडू नये. काठ जवळ दिसतो, पण लाटांत तो जवळ नसतो.

२१ मे २०२४ ची संध्याकाळही आपल्या आठवणीत आहे. आपल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे माणसे घेऊन निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. त्यात लहान मुले होती. महिना तोच, वेळ तीच. वैशाख-ज्येष्ठात वळवाचा वारा दुपारनंतर उठतो. या दिवसांत जाळे दुपारी चारच्या आत टाकून काठावर यावे आणि पहाटे काढावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले 'दामिनी' ॲप मोबाइलवर घेतले तर जवळपास वीज पडण्याची सूचना मिळते. आणि माणशी एक लाइफ जॅकेट होडीत असावे. ते अंगात असावे, उशाला नसावे.

वर्षाचे वेळापत्रक

जुनी होडी टिकवायची तर पिकासारखे तिचे वेळापत्रक लागते.

एप्रिल-मे महिन्यांत होडी काठावर घेऊन पालथी घालावी. पत्र्याची असल्यास गंज तारेच्या ब्रशने पार काढावा, वेल्डिंग करून घ्यावे आणि त्याच दिवशी दव पडण्यापूर्वी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. तो वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत, आतून आधी आणि बाहेरून नंतर. होडीला हवाबंद कप्पे असतील तर वेल्डिंगपूर्वी त्यांचे बूच उघडून ते हवेशीर करावेत. बंद कप्प्यात पेट्रोलची वाफ असेल तर स्फोट होतो.

लाकडी होडी मात्र वैशाखाच्या उन्हात उघडी टाकू नये, फळ्या तडकतात. तिच्यावर उसाचे पाचट किंवा ओली पोती टाकून सावली करावी. सांध्यांतला जुना भराव काढून नवा कापूस-सुतळी भरावी आणि बाहेरून डांबर द्यावे.

पावसाळ्यात होडीत पाणी साचू देऊ नये. लाकडी होडी कुजते ती बहुधा उभी असताना, चालताना नव्हे. दिवाळीच्या सुमारास, पाणी भरलेले असताना, दोऱ्या, वल्ही, कॅनची झाकणे आणि इंजिनाचे नट एकदा पाहून घ्यावेत. रोज काम संपल्यावर ओली जाळी होडीत न ठेवता काठावर वाळत घालावी. एवढ्या एका सवयीने पत्र्याचे आयुष्य वाढते.

मोटारीच्या कामाला होडी नेताना आणखी एक सूचना. केबल ओढण्यापूर्वी स्टार्टर बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. पत्र्याची होडी, ओले अंग आणि सोललेली केबल यांची गाठ पडली तर पोहता येण्याचाही उपयोग नाही.

कागदपत्रे आणि हक्क

होडी विकत घेतली म्हणजे मासे धरण्याचा हक्क विकत मिळाला असे नाही. परवाना कोणाचा, कोणत्या क्षेत्राचा, संस्थेचे सभासदत्व लागते का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारावे. हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करणारे भोई बांधव आहेत. त्यांना विचारून, त्यांच्याबरोबर उतरावे. बारीक आसाच्या जाळ्याने केलेली वडाप कोणी सुचवील, होडीची किंमत महिन्यात वसूल होईल असेही सांगेल. त्यात बोटाएवढी पिल्ले जातात, आणि पुढच्या वर्षी आपली होडी रिकामी फिरते. बियाण्याचे धान्य दळून खाण्यातलाच तो प्रकार आहे.

हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना होडीतून फिरवून चार पैसे मिळतात. पण मासेमारीची होडी वेगळी आणि प्रवासी होडी वेगळी. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली नवा अंतर्देशीय जहाज कायदा आला आहे. इंजिनावर प्रवासी न्यायचे तर नोंदणी, तपासणी आणि परवानगी लागते. ती नसताना पाहुणा म्हणूनसुद्धा जादा माणूस घेऊ नये.

व्यवहार स्टॅम्प पेपरवर करावा. लांबी, रुंदी, रंग, खुणा, इंजिन क्रमांक लिहावा आणि फोटो जोडावा. चोरीची होडी स्वस्त मिळते आणि महाग पडते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना नव्या होडी-जाळ्यासाठी अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. सर्वसाधारण लाभार्थ्यास ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींस ६० टक्के. त्याच योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपयांचा गट विमा ठेवण्यात आला. किसान क्रेडिट कार्डही आता मत्स्यव्यवसायाला मिळते. चालू वर्षाच्या अटी कार्यालयात विचारून घ्याव्यात. जुनी होडी घेण्याआधी नवीचा हा हिशेब एकदा मांडून पाहावा. कित्येकदा फरक वाटतो तेवढा नसतो.

केव्हा सोडावी

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे. जुनी होडी केव्हा टाकून द्यावी?

त्या अपघातानंतर मी होडी बाहेर काढली, अर्धा तळ बदलला आणि आणखी सहा वर्षे चालवली. सगळे म्हणत होते, विकून टाक. मला ती विकवत नव्हती. ज्या पाण्याने मळा नेला, त्या पाण्यावर मला पहिल्यांदा पाय ठेवू दिला तो तिने. पण २०१९ च्या उन्हाळ्यात ठोके देत गेलो तेव्हा बदललेला तळ चांगला आणि भोवतीच्या बाजू बद्द. नव्या ठिगळाला धरायला जुना पत्राच उरला नव्हता. मुलगा म्हणाला, "आबा, रंग देऊन कुणाला तरी विकू. गिऱ्हाईक आहे." तेव्हा मला तो ताजा निळा रंग आठवला. मी म्हणालो, "ज्याला विकू त्यालाही पोरगा असेल."

आम्ही ती कापली. चांगला पत्रा भंगारात किलोवर दिला. पुढचा भाग ठेवला. शेताच्या बांधावर सावलीत त्यात आता गांडूळखत होते. पाणी झिरपायला भोके मुद्दाम पाडावी लागली नाहीत.

त्यानंतर मी दुसरी होडी घेतली. तीही जुनीच, फायबरची. या वेळी पालथी केली, नाण्याने वाजवली, तासभर पाण्यात ठेवली. तीन होड्या नाकारून ही चौथी घेतली. तात्या आता नाहीत, पण बारा कॅन बांधले आहेत. ती चांगली चालली आहे. जुनी होडी घेऊ नका असे माझे म्हणणे नाही. डोळे उघडे ठेवून घ्या, दर वर्षी तिचे देणे द्या, आणि दिवस भरले की रंगाखाली झाकून दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नका.



जुनी होडी घेण्यापूर्वी स्वतःला विचारावयाचे प्रश्न

१. रंग किती जुना आहे? खरवडून पाहिला का?
२. होडी पालथी करून तळ ठोकून, टोचून किंवा वाजवून पाहिला का?
३. दोन माणसे बसवून तासभर पाण्यात ठेवली का? तळात किती पाणी आले?
४. नेहमीचे ओझे भरल्यावर काठ पाण्यावर दीड वीत राहतो का?
५. पाण्याने भरली तर ती तरंगेल का? कॅन किंवा हवाबंद कप्पे किती आहेत?
६. माणशी लाइफ जॅकेट, पाणी काढायला घमेले, जादा वल्हे व दोरी आहे का?
७. गावात तिची दुरुस्ती करणारा कारागीर आहे का?
८. पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी खरेदीच्या निम्मी तरी रक्कम बाजूला ठेवली आहे का?
९. मासेमारीचा परवाना, खरेदीचा कागद व विमा यांची चौकशी झाली का?
१०. घरातल्या माणसांना घेऊन या होडीत बसायची आपली तयारी आहे का? नसेल तर ती घेऊ नये.